बाळ एक, खाती अनेक : लहान मुलांच्या वाढीसाठी सगळ्यांनी एकत्र काम करायचं म्हणजे नेमकं काय?

समजा, एका गावात सव्वा वर्षाची एक मुलगी आहे. अंगणवाडीत दर महिन्याला तिचं वजन होतं आणि गेले तीन महिने काटा जागचा हललेला नाही. सेविकाताई आईला सांगतात, "पोरीला नीट खाऊ घाला."

पण वजन का वाढत नाही याचा माग काढायला गेलं की गोष्ट एका वाटीपुरती राहत नाही. मुलीला महिन्यातून दोनदा जुलाब होतात, कारण पिण्याचं पाणी उघड्या विहिरीचं आहे. जन्माच्या वेळीच तिचं वजन अडीच किलोपेक्षा कमी होतं, कारण गरोदरपणात आईच्या अंगात रक्त कमी होतं. आईचं लग्न अठरा वर्षं पूर्ण होण्याआधी झालं होतं. ती सकाळी मजुरीला जाते आणि मुलगी सात वर्षांच्या बहिणीकडे असते. त्यामुळे दिवसात दोनदाच खाणं होतं आणि बहिणीची शाळाही बुडते. रेशनकार्डावर मुलीचं नाव अजून चढलेलं नाही.

आता हिशेब करा. पाणी ग्रामपंचायतीकडे, आईचं रक्त आरोग्य खात्याकडे, लवकर झालेलं लग्न आणि अंगणवाडी महिला व बालविकासकडे, मजुरी रोजगार हमीकडे, बहिणीची शाळा शिक्षण खात्याकडे, रेशन अन्न व नागरी पुरवठ्याकडे. यातलं प्रत्येक खातं आपापल्या नोंदवहीनुसार "आमचं काम झालं" असं म्हणू शकतं आणि तरीही मुलीचं वजन वाढत नाही.

लहान मुलांच्या विकासासाठी वेगवेगळ्या क्षेत्रांनी एकत्र काम करावं, असं गेली अनेक वर्षं सांगितलं जातं. सरकारी भाषेत त्याला 'अभिसरण' म्हणतात. हे अभिसरण प्रत्यक्षात कसं दिसतं, त्याने खरोखर काय साधलं आणि ते कुठे अडतं, ते समजून घेऊ.

पहिली काही वर्षंच इतकी महत्त्वाची का?

गर्भधारणेपासून मुलाच्या दुसऱ्या वाढदिवसापर्यंतचा काळ मोजला तर तो साधारण १,००० दिवसांचा भरतो. पोटातले २७० आणि नंतरच्या दोन वर्षांचे ७३०. या काळात शरीर आणि मेंदू ज्या वेगाने वाढतात, तो वेग पुढे पुन्हा येत नाही. दोन वर्षांच्या मुलाच्या मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या सुमारे ८० टक्के झालेला असतो.

या काळात पोषण कमी पडलं, सारखे आजार झाले, तर मूल वयाच्या मानाने बुटकं राहतं. याला खुजेपण म्हणतात. उंची हा इथे फक्त खुणेचा दगड आहे. जे मूल उंचीत मागे पडलं, त्याच्या शिकण्यावर आणि पुढच्या कमाईवरही परिणाम होण्याची शक्यता वाढते. उंचीच्या मानाने वजन फार कमी असणं, म्हणजे लुकडेपण, ही वेगळी अवस्था. त्यात मुलाच्या जिवालाच धोका असतो. दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी भरला, तर सहा महिने ते पाच वर्षांपर्यंतचं मूल अतितीव्र कुपोषित धरलं जातं.

पण निव्वळ पोटभर अन्न मिळालं म्हणजे झालं, असंही नाही. जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी २०१८ मध्ये मिळून एक आराखडा मांडला. त्यानुसार मुलाला पाच गोष्टी लागतात : चांगलं आरोग्य, पुरेसं पोषण, सुरक्षितता, शिकण्याची संधी आणि त्याच्या हाकेला ओ देणारं माणूस. या पाचही गोष्टी एकट्याने देऊ शकेल असं कुठलंही सरकारी खातं नाही.

ही कल्पना बाहेरून आलेली आहे का?

नाही. तिचं एक मूळ महाराष्ट्रातच आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी इथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वस्तीतली मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत असं दिसल्यावर बालवाडीच वस्तीत, घरापुढच्या अंगणात नेण्यात आली. अंगणवाडी हे नाव तिथून आलं.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसोबत काम करताना दुसरी अडचण समोर आली. मोठी मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांच्या काखेत धाकटी भावंडं होती. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र चालवायची ठरली. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत आणि थोरलं वर्गात. विकासवाडी म्हणतात ती हीच. घराची अडचण जशी होती, तशीच तिला उत्तराची रचना दिली गेली. कागदावर ज्या तीन वेगळ्या 'सेवा' आहेत, त्या त्या कुटुंबासाठी एकच गोष्ट होती.

मग अंगणवाडी हे एकत्र कामाचंच ठिकाण आहे ना?

हो, निदान रचनेत तरी. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांमध्ये एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. महाराष्ट्रात तिची सुरुवात मुंबईतली धारावी आणि मेळघाटातलं धारणी इथे झाली. योजनेच्या नावातच 'एकात्मिक' आहे. तिच्यात सहा सेवा ठरवल्या गेल्या : पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं, शालापूर्व शिक्षण आणि पोषण-आरोग्याचं शिक्षण.

यातली लसीकरण, तपासणी आणि दवाखान्यातले उपचार ही कामं आरोग्य खात्याची माणसं करतात. अंगणवाडी मात्र महिला व बालविकास खात्याची. म्हणजे ही योजना सुरू झाली त्या दिवसापासूनच ती दोन खात्यांनी एकमेकांचा हात धरल्याशिवाय पूर्ण होऊ शकत नव्हती.

गावात हा हात धरायची जागा म्हणजे महिन्यातून एकदा भरणारा ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिवस. लोक त्याला सरळ 'लसीकरणाचा दिवस' म्हणतात. त्या दिवशी उपकेंद्राच्या नर्सबाई, आशाताई आणि अंगणवाडी सेविका एकाच ठिकाणी असतात. लस टोचली जाते, गरोदर बायकांची तपासणी होते, मुलांची वाढ पाहिली जाते. कागदावर हा दिवस फार भक्कम आहे. प्रत्यक्षात तो किती चांगला होतो हे एका साध्या गोष्टीवर अवलंबून असतं : तिघींच्या हातातल्या याद्या एकच आहेत की तीन? आशाताईंच्या यादीतलं मूल सेविकेच्या यादीत नसेल, तर ते कुणाचंच नसतं.

महाराष्ट्राने यात काय करून पाहिलं?

१९९३ मध्ये मेळघाटातले बालमृत्यू राज्यभर गाजले. त्यानंतरही आदिवासी भागातून अशा बातम्या येत राहिल्या. २००५ साली राज्य सरकारने राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन केलं. त्याचं मुख्यालय मुंबईत नव्हतं, ते औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला होतं. युनिसेफची साथ होती. आधी आदिवासी जिल्हे आणि मग इतर भाग, असं त्याचं काम वाढत गेलं.

या मिशनने नवी मोठी योजना आणली नाही. असलेल्या खात्यांना एका आकड्याभोवती बसवणं हे त्याचं काम होतं. पहिला आग्रह होता तो प्रत्येक मुलाचं वजन करण्याचा. तोवर कुपोषित मूल नोंदलं की सेविकेला बोलणी बसत, त्यामुळे आकडे कमी दाखवण्याकडे कल असे. सगळ्या मुलांची वजनं झाल्यावर कुपोषणाचे आकडे आधी वाढलेले दिसले. ते दिसू देणं हाच सुधारणेचा पहिला टप्पा होता.

दुसरी गोष्ट म्हणजे उपचाराची पायरी-पायरीची साखळी. गावात अंगणवाडीतच ३० दिवसांचं ग्राम बाल विकास केंद्र. तिथे मुलाला दिवसातून अनेकदा थोडं थोडं पौष्टिक अन्न आणि औषधं. आजार जास्त असेल तर आरोग्य केंद्रात २१ दिवसांचं बाल उपचार केंद्र. त्याहून गंभीर असेल तर मोठ्या रुग्णालयात १४ दिवसांचं पोषण पुनर्वसन केंद्र. अंगणवाडी ते रुग्णालय असा एक रस्ता आखला गेला आणि कोणत्या मुलाला कुठे न्यायचं याचे नियम ठरले.

परिणाम? २००५-०६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दोन वर्षांखालच्या मुलांपैकी ३९ टक्के खुजी होती. २०१२ च्या राज्यव्यापी पोषण सर्वेक्षणात हे प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास आलं. इतक्या कमी काळात एवढी घट जगातही फारशी दिसत नाही.

हे सगळं मिशनमुळेच झालं का? २०१४ मध्ये ब्रिटनच्या इन्स्टिट्यूट ऑफ डेव्हलपमेंट स्टडीज या संस्थेच्या अभ्यासकांनी या घटीचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांना एकच एक मोठं कारण सापडलं नाही. आईचं वय आणि शिक्षण, गरोदरपणातली तपासणी, दवाखान्यातली प्रसूती, मुलाचा आहार अशा अनेक बाबतींत थोडी थोडी सुधारणा झाली होती आणि त्या थेंबांचं तळं झालं होतं. आपल्या विषयासाठी हा निष्कर्ष फार मोलाचा आहे. मूल अनेक कारणांनी मागे पडतं आणि पुढेही अनेक कारणांनी येतं.

मग आज आकडे अडकले का?

पाच वर्षांखालच्या सगळ्या मुलांचा विचार केला तर महाराष्ट्रातलं खुजेपण २००५-०६ मध्ये ४६.३ टक्के होतं. २०१५-१६ मध्ये ते ३४.४ टक्क्यांवर आलं. पण २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात ते ३५.२ टक्के निघालं. घसरण थांबली. लुकडेपण दोन्ही वेळा २५.६ टक्केच राहिलं, म्हणजे दर चार मुलांत एक. याचं खापर करोनावर फोडता येत नाही, कारण राज्यातलं हे सर्वेक्षण २०१९ मध्ये, साथ येण्याआधीच झालं होतं.

त्याच सर्वेक्षणात आणखी काही आकडे आहेत. सहा महिने ते पाच वर्षांखालच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय होता. २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठरा वर्षांच्या आत झालं होतं. सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आणि विविध आहार मिळणारी बाळं दहा टक्क्यांहूनही कमी होती.

अडकण्याचं एक कारण पैशाच्या वाटेत आहे. गावातली बाल विकास केंद्रं अंगणवाडीत भरत, पण त्यांचा खर्च आरोग्य अभियानाच्या निधीतून होत असे. तो निधी थांबला तशी बरीच केंद्रं बंद पडली. २०१६ मध्ये पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा-जव्हार भागातले बालमृत्यू पुन्हा गाजले, तेव्हा हा मुद्दाही चर्चेत आला. नंतर ही केंद्रं महिला व बालविकास खात्यामार्फत पुन्हा सुरू करण्यात आली. मधल्या काळात वजन करणाऱ्या सेविकेला मूल कुपोषित आहे हे कळत होतं, पण त्याला ठेवायचं कुठे, हा प्रश्न होता.

दुसरं कारण वयाचं आहे. अंगणवाडीत रोज येऊन गरम ताजा आहार घेतात ती तीन ते सहा वर्षांची मुलं. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरपोच आहाराची पाकिटं जातात. घरात ती बहुधा सगळ्यांत वाटली जातात. सर्वांत नाजूक १,००० दिवसांतलं मूल नजरेसमोर नसतंच, ते घरात असतं. त्याच्यापर्यंत पोचायचं तर घरी जावं लागतं.

घरी जाण्याचा परिणाम काय होतो, हे गडचिरोलीने दाखवलं आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घेण्याचं प्रशिक्षण दिलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. पुढे हीच पद्धत देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. बाळ दीड महिन्याचं होईपर्यंत आशाताई ठरलेल्या दिवशी घरी येतात. २०१८ पासून त्यात तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातल्या भेटींची भर पडली. आरोग्य खात्याची ही भेट आणि अंगणवाडीचा आहार एकमेकांना जोडले गेले, तरच सुरुवातीच्या मुलीसारख्या मुलांची दखल वेळेत घेतली जाईल.

अन्नासोबत खेळ : जमैकातून मिळालेला धडा

आहार आणि शिक्षण एकत्र देण्याचा फायदा मोजता येतो का? या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर जमैका या कॅरिबियन बेटावरून आलं आहे.

१९८६-८७ मध्ये तिथल्या किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत नऊ ते चोवीस महिन्यांची १२९ खुजी मुलं निवडली गेली. त्यांचे चार गट केले. एका गटाला दर आठवड्याला एक किलो दूध पावडर मिळाली. दुसऱ्या गटाच्या घरी आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून एकदा तासभर जाई आणि आईला बाळाशी खेळायला, बोलायला शिकवे. खेळणी घरातल्याच टाकाऊ वस्तूंची. तिसऱ्या गटाला दोन्ही मिळालं, चौथ्याला यातलं काहीच नाही. हे दोन वर्षं चाललं.

दोन वर्षांनी दूध आणि खेळ दोन्हींचा फायदा दिसला. दोन्ही मिळालेली मुलं विकासात धडधाकट मुलांच्या जवळपास आली होती. त्याहून महत्त्वाचं पुढे घडलं. ती मुलं बाविशीची झाल्यावर पुन्हा शोधली गेली, तेव्हा लहानपणी खेळाच्या भेटी मिळालेल्यांची कमाई इतरांपेक्षा सरासरी २५ टक्के जास्त निघाली. नुसत्या दुधाचा परिणाम मात्र इतका टिकलेला दिसला नाही.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. हे 'शिक्षणाचं' काम आरोग्य कार्यकर्तीने केलं. तिच्यासाठी वेगळं खातं उघडावं लागलं नाही. आधीच घरी जाणाऱ्या माणसाला आणखी एक कौशल्य दिलं गेलं. महाराष्ट्रात 'आरंभ' या कार्यक्रमाची दिशा अशीच आहे. राज्याचा बालविकास विभाग, युनिसेफ आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांनी मिळून सेविकांना तीन वर्षांखालच्या मुलांच्या पालकांशी काम करायला शिकवलं. पालक मेळाव्यात बाटलीची झाकणं, डबे, कापडाच्या चिंध्या यांतून बाळाशी काय काय खेळता येतं, हे आई-वडील आणि आजी-आजोबा स्वतः करून पाहतात.

पण सगळं एकत्र केलं की गुण येतोच का?

येतोच असं नाही आणि हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

घाणीमुळे जुलाब आणि जुलाबामुळे कुपोषण हे नातं सर्वमान्य आहे. म्हणून शौचालय, हात धुणं आणि पाणी शुद्ध करणं यांची जोड दिली तर मुलांची उंची वाढेल, अशी अपेक्षा होती. बांगलादेश, केनिया आणि झिम्बाब्वे इथे हजारो कुटुंबांसोबत याच्या मोठ्या चाचण्या झाल्या. २०१८-१९ च्या सुमाराला आलेल्या निष्कर्षांनी बऱ्याच जणांना धक्का बसला. पूरक आहाराने उंचीत थोडा फरक पडला, पण स्वच्छतेच्या उपायांनी उंची वाढली नाही. आहाराला स्वच्छतेची जोड दिल्यानेही उंचीत जास्तीची भर पडली नाही. जुलाब बांगलादेशात कमी झाले, इतर दोन देशांत तेही नाही.

याचा अर्थ स्वच्छता निरुपयोगी, असा नाही. घरापुरतं साधं शौचालय, क्लोरीन आणि हात धुण्याची बादली एवढ्याने सभोवतालची घाण पुरेशी कमी होत नाही, असा अर्थ अनेक तज्ज्ञांनी लावला. आपल्याकडच्या बैठकांसाठी हा इशारा आहे. दहा खात्यांनी प्रत्येकी चिमूटभर काही दिलं तर 'अभिसरण' झाल्याचा अहवाल होतो, मूल वाढत नाही. कमी गोष्टी जोडा, पण ज्या जोडाल त्या पुरेशा प्रमाणात द्या.

पैसा एका खात्याचा, काम दुसऱ्याचं

एकत्र कामाचा एक ठोस नमुना महाराष्ट्रातच आहे. २०१५ मध्ये आदिवासी भागासाठी डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू झाली. गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एकदा अंगणवाडीत चौरस गरम जेवण आणि लहान मुलांना ठरावीक दिवशी अंडी किंवा केळी, असं तिचं स्वरूप. निधी आदिवासी विकास विभागाचा, अंमलबजावणी महिला व बालविकासची आणि देखरेखीला गावातली आहार समिती.

ही योजना चांगली चालते तिथे गरोदर बाई जेवायला आली की त्याच फेरीत तिला लोहाच्या गोळ्या मिळतात, वजन होतं, चार बायकांशी बोलणं होतं. एका ताटाभोवती तीन खात्यांची कामं होतात. अडचणीही त्याच जोडणीतून येतात. एका खात्याचा निधी दुसऱ्याच्या खात्यावर उशिरा पोचला, की सेविकेला किराणा दुकानात उधारी करावी लागते. पावसाळ्यात, म्हणजे घरात धान्य संपत आलेलं असताना आणि साथी पसरलेल्या असताना असा उशीर सर्वांत महागात पडतो.

साखळी सर्वांत जास्त कुठे तुटते?

स्थलांतरात. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड कामगारांच्या टोळ्या निघतात आणि चार-पाच महिन्यांनी परततात. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरला जातो. म्हणजे आईला जावंच लागतं आणि तिच्यासोबत बाळालाही. मेळघाट, नंदुरबार, पालघर भागांतूनही लोक वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात.

मुलाचं नाव गावच्या अंगणवाडीत राहतं आणि मूल उसाच्या फडात. पुढची लस, पुढचा आहार, पुढची घरभेट सगळंच गावात राहतं. नव्या जागेजवळची अंगणवाडी त्याला घेऊ शकते, पण मूल तिथे आलंय हे तिला सांगणार कोण? यासाठी राज्याच्या महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित माता-बालकांचा माग ठेवणारी संगणकीय प्रणाली आणली आहे. ती कामाला यायची तर मुकादम, साखर कारखाना, वीटभट्टीचा मालक यांच्याकडून माहिती यावी लागते. म्हणजे इथे फक्त सरकारी खाती पुरत नाहीत, ज्यांच्याकडे आई राबते त्यांनाही या कामात घ्यावं लागतं.

कायद्याने हे काही प्रमाणात आधीच ओळखलं होतं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात, कामावर आलेल्या बायकांची लहान मुलं पाच किंवा जास्त असतील तर त्यांना सांभाळायला एका बाईला मजुरी देऊन नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या दुरुस्तीनंतर मातृत्व लाभ कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केलं. पण फडात, भट्टीवर, शेतात राबणाऱ्या बहुतेक आयांपर्यंत यातलं काही पोचत नाही. पाळणाघर हा शहरी नोकरदारांचा विषय समजला जातो. वास्तविक कोसबाडला १९५० च्या दशकातच तो आदिवासी मुलांच्या शिक्षणाचा विषय बनला होता.

चालणारं एकत्र काम ओळखायचं कसं?

२०१८ पासून पोषण अभियानात जिल्हा आणि तालुका पातळीवर अभिसरण समित्या आहेत. समिती असणं चांगलंच, पण वरच्या सगळ्या उदाहरणांतून एक गोष्ट दिसते. जिथे फरक पडला, तिथे चार गोष्टी होत्या.

एक, सगळ्यांच्या हातात एकच यादी. मूल नावानिशी, आशा, सेविका आणि नर्स तिघींच्या नोंदीत सारखं.

दोन, ठरलेला दिवस आणि ठरलेली जागा. महिन्याचा तो दिवस पावसात, निवडणुकीत, सणासुदीतही चुकत नाही.

तीन, पुढची पायरी कुणाची हे आधीच ठरलेलं. दंडाचा घेर कमी भरला तर कुणी कुणाला कळवायचं, गाडी कोण देणार आणि आईची बुडालेली मजुरी कोण भरून देणार, इथपर्यंत.

चार, पैशाची खात्री. एका खात्याने हात काढला तर काम बंद पडणार नाही, अशी सोय.

आपण गावात किंवा वस्तीत राहत असाल तर हे तपासायला तज्ज्ञ असावं लागत नाही. ग्रामसभेत किंवा अंगणवाडीत साधे प्रश्न विचारता येतात. मागचा लसीकरणाचा दिवस खरंच झाला का? वजन न वाढलेल्या मुलांची यादी आहे का आणि त्यांच्या घरी गेल्या महिन्यात कोण गेलं? बाहेरगावी गेलेल्या मुलांची नोंद कुणाकडे आहे? अंगणवाडीला नळ आणि शौचालय आहे का? प्रश्न सेविकाताईंना कोंडीत पकडण्यासाठी नसावेत. त्यांच्या हातात काय नाही हे कळण्यासाठी असावेत, कारण पाच खात्यांची कामं बहुतेक वेळा त्यांच्याच एका वहीत येऊन पडलेली असतात.

आता सव्वा वर्षाच्या त्या मुलीकडे परत या. पहिल्याच महिन्यात काटा अडला तेव्हा सेविकाताईंनी आशाताईंना सांगितलं असतं. पुढच्या भेटीत जुलाबाची गोष्ट कळली असती, ओआरएस आणि झिंक मिळालं असतं. विहिरीत क्लोरीन टाकायला ग्रामपंचायतीला निरोप गेला असता. आई कामावर असताना सांभाळायला कुणी असतं, तर मुलीचं दिवसातून पाच वेळा खाणं झालं असतं आणि तिची बहीण शाळेत गेली असती. यात नवं असं काहीच नाही. ही सगळी कामं आजही कुणाच्या ना कुणाच्या कर्तव्यसूचीत लिहिलेली आहेत. फक्त ती एका दारात, एका वेळी पोचायला हवीत आणि मुलगी दोन वर्षांची व्हायच्या आत पोचायला हवीत. तिच्याकडे आणखी नऊच महिने आहेत.